मौलेअण्णा आणि लक्सरचा कांदा

मौलेअण्णा हॉटेलात शिरले की मेनूकार्डाकडे बघत नसत. ते कांदा मागत. कापलेली फोड समोर आली की चष्मा कपाळावर चढवून ती नाकाजवळ नेत, मग उजेडात धरत, शेवटी कडेवरून अंगठा फिरवत. कड सुकलेली लागली की बशी हळूच पुढे सारून म्हणत, "सकाळचा हाय. उठा." आणि खरंच उठून चालायला लागत. मागे अवाक झालेला वेटर आणि पोटात कावळे ओरडत असलेले आम्ही.

"ज्याला ताजा कांदा कापायचा कंटाळा, तो भांडी काय घासत असंल?" असं ते विचारत. "माणूस खोटं बोलंल, कांदा नाय बोलत."

कांद्याबद्दल बोलायचा त्यांना अधिकार होता. नाशिकजवळ अंबडच्या आमच्या कारखान्यात कांद्याचे काप करून ते वाळवणारी मशीनं बनत, आणि अण्णा तिथले सगळ्यात जुने फिटर. शिवाय घरचा भाजीचा मळा. कोणत्या मळ्याला कुठलं पाणी जातं आणि फ्लॉवरवर काय काय फवारलं जातं हे पक्कं ठाऊक असल्यामुळे ते बाजारातली भाजीही खात नसत. गळ्यात तुळशीची माळ, हातात चार खणांचा डबा. कंपनीत दसऱ्याचं जेवण असलं तरी हे कोपऱ्यात बसून आपला डबा उघडणार. कोणी चिडवलं तर उत्तर ठरलेलं, "जीव एक, हॉटेलं हजार."

अशा माणसाबरोबर मला इजिप्तला पाठवलं, लक्सरला.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी सटाण्याजवळच्या खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवी घेतली नव्हती. नोकरीत कायम व्हायला तीन महिने उरले होते, आणि लक्सरजवळच्या एका कारखान्याने आमचं मशीन घेतलं होतं. तिकडेही कांदा अमाप पिकतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "भामरे, मशीन अण्णा बसवतील. कागदपत्रं आणि इंग्रजी तुझ्याकडे. आठव्या दिवशी ट्रायल. तीन मिलिमीटरचा काप पडला पाहिजे. आणि हे बघ, मशीनची पाती लावणं अण्णांशिवाय कोणाला जमत नाही. त्यांना उभं ठेव म्हणजे झालं."

त्यांना उभं ठेव. हे वाक्य मी विमानात बसेपर्यंत घोकत होतो.

अण्णांनी आपली सोय केली होती. चौसष्ट दशम्या, तिळाची चटणी, मेतकूट, लाडू. दिवसाला आठ दशम्या, असा हिशोब. "तू आपला कुठं जायचं तिथं जा, मी खोलीत बसून खाईन," असं मला मुंबईच्या विमानतळावर सांगून झालं होतं. कैरोला उतरलो, फिरत्या पट्ट्यावरून सगळ्या जगाच्या पेट्या आल्या, पण दशम्यांची पिशवी आली नाही. पट्टा थांबला तरी अण्णा त्याच्याकडे बघत उभे होते.  आठ दिवस हा माणूस काय खाणार?

पहिल्या दिवशी त्यांनी फक्त केळी खाल्ली. सालीला हात लावायच्या आधी आणि नंतर साबणाने हात धुऊन. दुसऱ्या दिवशी दुपारी पाती उचलताना त्यांचा हात थरथरला, तेव्हा मी हात जोडले. "अण्णा, बाहेर जेवू या. नाहीतर आपलं दोघांचं काही खरं नाही."

"चल," ते म्हणाले. "पण माझ्या पद्धतीनं."

स्टेशनजवळ कोशरी मिळायचं एक छोटं दुकान होतं. कोशरी म्हणजे भात, मसूर, शेवया सगळं एकत्र, वर टोमॅटोचं तिखट पाणी आणि तळलेला कांदा. अण्णांनी वाटीत डोकावून सांगितलं, "तळलेल्याचं काय कळतंय? कच्चा आण म्हणावं." मी खुणा करून कच्चा कांदा मागितला. मालकाने अख्खा कांदाच आणला. अण्णांनी त्याच्याच हातातली सुरी घेतली, धारेवर अंगठा फिरवला, तोंड वाकडं केलं आणि तरीही कागदासारखे पातळ काप पाडले. मग सरळ आत जाऊन भांडी घासायची जागा बघितली, पाण्याच्या टाकीचं झाकण उचलून बघितलं.

मालक घामाघूम. माझ्या कानाशी येऊन त्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "गव्हर्नमेंट?"

"नो, नो. फिटर."

हे कुठलं तरी आणखी वरचं पद असावं असं त्याला वाटलं. त्याने ताबडतोब आमचं टेबल पुन्हा पुसलं, चमचे उकळत्या पाण्यात बुडवले आणि पोरांवर ओरडायला सुरुवात केली. दोन दिवसांत त्या गल्लीत आमची दहशत बसली. आम्ही लांबून दिसलो की खानावळवाले टेबलं पुसायला घेत. हिरव्या भज्यांसारखा तामिया विकणारा म्हातारा तर अण्णांना बघून तेलच बदलायचा. ते आम्हाला भीत, अण्णा त्यांच्या अन्नाला भीत, आणि मी ट्रायलला भीत. सगळं लक्सर भव्य देवळं बघत हिंडत होतं, आणि आम्ही सगळे आपापल्या भीतीने घास मोजत होतो. एकदा मी त्यांना ओढून तिथल्या प्रचंड खांबांच्या देवळात नेलं, तर अण्णा मान वर करून म्हणाले, "एवढी माणसं राबली. त्यांच्या जेवणाचं कोण बघत असंल?"

पण कांद्यापेक्षा मला जाच झाला तो त्यांच्या दुसऱ्या नियमाचा. जेवण आलं की अण्णा पहिले खायला लागत आणि मला हाताने थांबवत. "वीस मिनिटं. पोटाला कळायला तेवढा वेळ लागतो. दोघं एकदम पडलो तर मशीन कोण चालवंल?"

म्हणजे गरम त्यांनी खायचं, गार मी. मी नवखा, ते वरिष्ठ. बोलणार काय? वाफाळलेल्या रोटीची हळूहळू वातड चकती होताना मी बघत बसायचो. आमच्याकडे घरी आलेल्या माणसाला आधी वाढतात. नाशिकसारख्या शहरात राहिलेल्या माणसांना साधी रीत नाही, असं मनात यायचं. घड्याळात वीस मिनिटं झाली की अण्णा म्हणत, "हां. खा आता पोटभर."

सहाव्या दिवशी मी फुटलो. सकाळपासून मोटारीने त्रास दिला होता, दुपारचे तीन वाजले होते आणि तीन खानावळींतला कांदा अण्णांनी नापास केला होता. चौथी जागा नदीकाठची, टेबलांवर पांढरी कापडं असलेली. वांग्याची भाजी, तिळाची चटणी, सॅलड. अण्णांनी सॅलडमधली फोड उचलली आणि अंगठा फिरवला. ते काही बोलायच्या आत मीच बोललो.

"अण्णा, आता उठा म्हणालात तर मी येणार नाही. तुमचा कांदा तुमच्यापाशी ठेवा. मी उपाशी मरतोय तुमच्यामुळे!"

मी त्यांच्यावर आवाज चढवला होता. कारखान्यात कोणी चढवत नसे.

अण्णांनी फोड ताटात ठेवली. मग भाजी, चटणी, सॅलड सगळं थोडं थोडं खाल्लं. "वीस मिनिटं," म्हणाले. वीस झाली. "आणखी दहा." दहा झाली. "आणखी जरा थांब." माझा संताप मस्तकात गेला. मी रोटी उचललीच, आणि तेवढ्यात अण्णांनी माझं मनगट पकडलं. त्यांचा हात घामाने गार पडला होता. "नको," एवढंच म्हणाले, आणि टेबलाला धरत धरत मोरीकडे गेले.

पुढचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांचे डोळे आत गेले, ओठ पांढरे झाले. त्यांना खोलीवर आणल्यावर हॉटेलवाल्याने डॉक्टर आणला. सलाईन लावताना डॉक्टर काहीतरी विचारत होता आणि माझं सगळं इंग्रजी पळून गेलं होतं. इथे यांचं काही झालं तर नाशिकला मौलेकाकूंना मी काय सांगू? ट्रायल, नोकरी, काहीही आठवत नव्हतं. मी फक्त त्या बाटलीतले थेंब बघत होतो. मध्येच अण्णांनी डोळे उघडले. "तू खाल्लं नाय ना?"

"नाही."

"मग बरंय." आणि झोपले.

आठव्या दिवशी ते कारखान्यात आले खरे, पण उभं राहायची ताकद नव्हती. कांद्याच्या रिकाम्या क्रेटवर बसून त्यांनी बोटाने दाखवायचं आणि मी पाती आवळायची, असं चाललं. "अर्धा आटा. परत. आता सोड." मशीन सुरू झालं, पांढरे काप पट्ट्यावर सांडू लागले. तिथल्या इंजिनिअरने मोजले. तीन मिलिमीटर. 

संध्याकाळी नावेची वाट बघत आम्ही नदीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. अण्णांच्या हातात बिनदुधाचा चहा. मी माफी मागितली. म्हटलं, माझ्या हट्टामुळे तुम्हाला ते खावं लागलं. कांदा ताजा नव्हता का?

"सकाळचा होता. हात लावताच कळलं."

"मग खाल्लंत कशाला?"

"मी उठलो असतो, तर तू एकटा बसून खाल्लं असतंस. लय भुकेला होतास." त्यांनी चहाचा घोट घेतला. "निघायच्या आधी तुझा बाप आला होता गेटवर. तुला सांगू नका म्हणाला. मला धुंडून काढलं, हात धरला आन् तुमच्या अहिराणीत म्हणाला, मन्हा पोऱ्या पहिल्यांदा एवढा दूर जाई ऱ्हायना, भाऊ, त्याले जपज्यात. आता माझं कसंय, मला लेकरूबाळ नाय. असं कोणी मला कधी काही सोपवलेलं नाय."

म्हणजे रोज गरम घास ते स्वतःसाठी खात नव्हते. आणि मी इतके दिवस त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.  मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला एवढी भीती वाटते बाहेरच्या खाण्याची. रोज पहिलं खाताना काही वाटलं नाही?"

"वाटायचं की. रोज पहिल्या घासाला हात थरथरायचा." ते नदीकडे बघत म्हणाले, "तुला दिसायचा नाय. तू ताटाकडं बघत असायचास."