रणजीतचा राहिलेला विषय

कावळा काही केल्या शिवेना. इंद्रायणीच्या घाटावर दहाव्याचा पिंड ठेवून बराच वेळ झाला होता, भात सुकायला लागला होता आणि पिंपळावरचा एकुलता एक कावळा मान तिरकी करून जमलेल्या सगळ्या चिखली गावाकडं बघत होता. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. फ्लेक्सवर गॉगल लावलेला रणजीत हसत होता आणि खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'कै. इंजिनिअर रणजीतदादा मारुतराव'.

नवनाथ त्या फ्लेक्सकडं बघायचं टाळत होता. रणजीतचे कॉलेजातले दोस्त म्हणजे तो आणि करिष्मा. नवनाथ मूळचा परभणीकडचा, आता चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. करिष्मा निगडीची, आयटीत. चाळिशीसुद्धा न बघता रणजीत झोपेतच गेला, तेव्हापासून नवनाथच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. त्यात आज अर्ध्या दिवसाची रजा काढली होती आणि खिशातला फोन थरथरून थरथरून दमला होता.

मारुतरावांनी हात जोडले. रणजीतचे वडील, गावातलं जुनं शेतकरी घर, आवाज असा की बैलगाडा शर्यतीच्या घाटात भोंगा लागू नये. आज तो आवाज फाटला होता. "रणजीत, तुझ्या पोरीचं शिक्षान मी करतो. तू काळजी करू नगं."

कावळ्यानं पंख खाजवला.

मग चुलते दौलतराव माईक घेऊन पुढं सरसावले. त्यांना येत्या निवडणुकीत उभं राहायचं होतं, त्यामुळं ते कावळ्याशीसुद्धा भाषणात बोलले. "रणजीत, जमिनीवरनं आपल्या भावकीत कधीबी भांडनं व्हनार न्हाईत, ह्यो माझा शबुद हाय." हे ऐकून भावकीतल्या चौघांनी एकमेकांकडं बघितलं. कावळ्यालाही ते पटलं नसावं. तो उडून आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला.

शर्यतीची बैलं विकणार नाही म्हणून झालं. बांधावरचं मंदिर पुरं करतो म्हणून झालं. गुरुजींना अजून मोशीचा एक दहावा उरकायचा होता. ते हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावू या. शास्त्रात तशी सोय आहे."

"प्रॉक्सी," करिष्मा नवनाथच्या कानात पुटपुटली. तिचे डोळे रडून लाल झाले होते. "कॉलेजातही प्रॉक्सी, आणि आता इथंही."

नवनाथला गलबलून आलं. चार वर्षं रणजीतची हजेरी त्यानंच आवाज बदलून दिली होती. सरांनाही तो आवाज इतका सवयीचा झाला होता की एकदा खुद्द रणजीतनं 'येस सर' म्हटलं तेव्हा त्यांनी त्यालाच वर्गाबाहेर काढलं.

पण रणजीतची आई, अंबुबाई ऐकेनात. पिंडासमोर मांडी घालून बसलेली ती म्हातारी जागची हलली नाही. "गवताचा कावळा नगं मला. माझ्या पोराचं काय राहिलं त्ये कळल्याबिगर मी हितनं उठनार न्हाई. त्यो अडकून बसलाय, आन मी घरी जाऊन जेवू व्हय?"

आता बोला.

"नव्या," करिष्मा म्हणाली, "तुला कळतंय ना काय राहिलंय?"

"गप बस."

"एम-थ्री राहिलाय त्याचा."

तेच तर. इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर, पोरं त्याला एम-थ्री म्हणत आणि त्याच्या नावानं देवाला नारळ बोलत. बाकीचे सगळे विषय रणजीतनं रडतखडत का होईना सोडवले, हा एक काही सुटला नाही. नवनाथ आणि करिष्मा पास होऊन नोकरीला लागले, तरी हा पठ्ठ्या दर खेपेला फॉर्म भरायचा. "ह्या टायमाला सुटतोय राव," म्हणायचा. नवनाथनं रविवारचे रविवार खर्चून त्याला त्या पेपरातला लाप्लास शिकवला. रणजीत मन लावून ऐकायचा, मग विचारायचा, "पन भावा, ह्याचं करायचं काय?" ह्या प्रश्नाचं उत्तर नवनाथला तेव्हा देता आलं नाही आणि इतकी वर्षं कंपनीत काढूनही सापडलेलं नाही. शेवटी विद्यापीठानंच पॅटर्न बदलला, जुना पेपर निघायचा बंद झाला, आणि रणजीतचा विषय कायमचा राहिला.

घरी मात्र हे कुणाला माहीत नव्हतं. शेवटच्या वर्षाचा निकाल लागायच्या आधीच मारुतरावांनी चौकात फ्लेक्स लावून गावजेवण घातलं होतं. जेवून गेलेल्या गावाला नापास झालो म्हणून कसं सांगायचं? रणजीतनं सांगितलंच नाही. नोकरी करायची नव्हती, कारखान्यांना शेड भाड्यानं देऊन घर चालत होतं, त्यामुळं डिग्री कुणी बघायला मागितली नाही. सगळी चिखली त्याला इंजिनिअर म्हणत राहिली आणि प्रत्येक वेळी त्याचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा. ते फक्त ह्या दोघांनाच दिसायचं.

"ए पोरांनो," दौलतरावांनी दोघांची कुजबुज हेरली, "तुमी त्येचं जिगरी. तुमाला ठावं असंल. म्होरं या."

लोकांनी वाट करून दिली. करिष्मा शहाणी, ती दोन पावलं मागं सरकली. नवनाथ पिंडापुढं ढकलला गेला. समोर आई, बाजूला बाप, मागं सगळं गाव. सांगावं तर बापाचा इंजिनिअर आज दुसऱ्यांदा मरणार, न सांगावं तर ही माउली उपाशी बसून राहणार.

"रणजीत," तो घसा खाकरून म्हणाला, "तुझं ते... ते आम्ही बघतो."

कावळा एक फांदी खाली आला.

"आलं, आलं," गर्दीतून आवाज उठला. "आजून बोला."

"म्हणजे... सोडवतो आम्ही ते."

कावळ्यानं पाठ फिरवली. जुन्या पॅटर्नचा पेपर आता निघत नाही, हे त्यालाही ठाऊक असावं.

नवनाथ गुडघ्यावर बसला. पिंडाच्या अगदी जवळ तोंड नेऊन, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "राव, तू पास झाला नव्हतास हे मी मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही. शप्पथ. जा तू आता."

डोक्यावरून काहीतरी फडफडत गेलं. कावळ्यानं भातात चोच मारली आणि मोठा घास घेऊन नदीपलीकडं निघून गेला.

घाटावर एकच हुंदका फुटला. मारुतरावांनी नवनाथला छातीशी धरलं. आणि मग ज्याची भीती होती तेच झालं.

"काय बोलला रं तू?" मारुतरावांनी विचारलं. "काय राहिलं हुतं माझ्या पोराचं?"

आली का पंचाईत. ज्या शपथेवर कावळा शिवला, ती शपथच सांगायची नाही अशी होती.

"काही नाही काका. आपलं असंच."

"आसंच कसं? पोरीला दिलेला शबुद त्येला चालंना, मंदिर चालंना, आन तुझ्या एका बोलावर आला. सांग की बाबा. बाप हाय मी त्येचा."

नवनाथच्या डोक्यात नुसता एम-थ्री गरगरत होता, त्यामुळं तोंडातून निघायचं तेच निघालं. "गणिताचं होतं काका. गणितावर... फार जीव होता त्याचा."

करिष्मानं डोळे मिटून घेतले.

"बगा," मारुतराव लोकांना म्हणाले, "मरताना बी पोराच्या मनात अभ्यास हुता."

दौलतरावांच्या हातात माईक होताच. त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की दरवर्षी रणजीतच्या कॉलेजात जो गणितात पहिला येईल त्याला इंजिनिअर रणजीतदादा स्मृती सुवर्णपदक देण्यात येईल. दहाव्याला टाळ्या वाजवत नाहीत हे आठवून लोकांनी नुसत्या माना हलवल्या. "आन हे नवनाथराव," दौलतराव पुढं म्हणाले, "सोता कॉलेजात जाऊन सगळी बोलणी करतील. रणजीतचं गनिताचं मार्कंबी काढून आनतील. पदकाच्या फ्लेक्सवर फोटूखाली छापू."

जन्मभर जो आकडा लपवला, तो आता चौकात लागणार होता. शपथ घेऊन चार मिनिटं झाली नसतील, आणि नवनाथनं रणजीतला पार तोंडघशी पाडलं होतं.

गर्दी पांगली. गुरुजी मोशीला गेले. नवनाथ पायरीवर डोकं धरून बसला होता, तेवढ्यात अंबुबाई हळूहळू येऊन त्याच्या शेजारी टेकल्या. नदीकडं बघतच त्यांनी विचारलं.

"पास झाला नव्हता, त्येच ना?"

नवनाथनं दचकून त्यांच्याकडं बघितलं.

"तू बोलू नगं. शबुद दिलायस तू," त्या म्हणाल्या. "निकालाच्या दिशी पेढं आनायचा. ह्यांच्या तोंडात घालायचा, माझ्या तोंडात घालायचा. सोता एक खायचा न्हाई. पास झालेलं पोरगं पेढा खात न्हाई व्हय?"

"मग तुम्ही कधी त्याला बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? त्यो मला फसवतोय ह्याच आनंदात हुता बिचारा. त्येवढा एक इषय तरी त्येला जमला म्हनलं." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "ह्यांना कळू देऊ नगंस. ह्यांचा इंजिनिअर गेलाय. माझा रणजीत गेलाय."

नवनाथला ते सोसलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो लहान पोरासारखा रडला, आणि त्या म्हातारीनं, जिचं पोरगं गेलं होतं तिनं, त्याच्या पाठीवर हात फिरवला.

मारुतराव काठी टेकत आले. "रडू नगं गड्या. पन त्ये मार्कांचं तेवढं लवकर बग. किती पडलं हुतं रं त्येला गनितात? तुला आठवत आसंल."

नवनाथनं तोंड उघडलं.

"लई पडलं हुतं," अंबुबाई म्हणाल्या. "म्या बघितल्यात."

"तुला काय वाचता येतंय?" मारुतराव म्हणाले.

"आकडं येत्यात की," अंबुबाई म्हणाल्या. "चला आता. फ्लेक्सवर फोटू बास झाला. पोरांनी सकाळपासनं काय खाल्लं नसंल."