आबांनी निवडलेला लॅपटॉप

करावे गावच्या देवजी भोईरला आजवर एकाही दुकानदाराने गंडवलेलं नाही! हे देवजी स्वतःच सांगतो, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगतो. चप्पल घेताना तो ती पायात घालून दुकानाचा जिना चढतो-उतरतो. कलिंगड तर असं ठोकून बघतो, की कलिंगडालाच वाटावं आपल्याला चौकीवर आणलंय.

अशा माणसाच्या घरात भर पितृपक्षात दोन लॅपटॉप येऊन बसले.

झालं असं, की देवजीच्या मुलीला, उन्नतीला, रबाळ्याच्या एका ॲनिमेशन स्टुडिओत काम मिळत होतं. पण नमुन्याची फिल्म त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोचायला हवी होती, आणि कामावर येताना लॅपटॉप स्वतःचा आणायचा होता. पितृपक्षात नवी वस्तू घ्यायची कशी? देवजीने डोकं चालवलं. दुकानवाला धनेश त्याचा लांबचा भाचा. त्याला फोन केला, "अरे, विकत कोन घेतंय? दोन लॅपटॉप पाव्हने म्हनून पाठव. जो पसंत पडंल तो ठेवून घेऊ, पैशांचं नवरात्रात बघू!"

धनेश करतो काय! एक साधा पाठवला, आठ जीबीचा. दुसरा वरचा, बत्तीस जीबीचा, ग्राफिक्स कार्डवाला.

"बाबा, माझ्या कामाला वरचाच लागतो," उन्नती म्हणाली. "साधा हँग होतो."

"आठ जीबी काय कमी हाय? माज्या बापानं आठ पोरं एका खोलीत वाढवली. कोन हँग झाला?"

"तुमचा मधला भाऊ," देवजीची बायको पुतळा स्वयंपाकघरातून म्हणाली.

देवजीने तिकडे दुर्लक्ष केलं. "आधी साध्यावर करून दाखव. त्याला नायच जमलं, तर दुसऱ्याला हात लाव!"

उन्नती हिरमुसली. तिने साध्या लॅपटॉपवर फिल्म तयार व्हायला लावली, खोलीचं दार ओढून घेतलं आणि सगळ्यांबरोबर गच्चीवर गेली. कारण त्या दिवशी देवजीच्या वडिलांची, आबांची तिथी होती. कावळ्याने घास घेतल्याशिवाय घरात कोणी जेवणार नव्हतं.

कठड्यावर केळीच्या पानात खीर, वडे, भोपळ्याची भाजी, सगळं वाढलेलं. कावळेही आले होते. पाण्याच्या टाकीवर ओळीने बसले होते, पण एकही ओरडत नव्हता! आभाळ भरून काळवंडलेलं. खाडीकडून वारा नाही, खारफुटीचं पान हलत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हिशेब विचारल्यावर पडते, तशी शांतता!

"का का! या, या!" देवजी ओरडून ओरडून घसा बसवून बसला. कावळे ढिम्म.

"आबांचा जीव कशात तरी अडकलाय," देवजीची थोरली बहीण गोजरा म्हणाली. "काय ते कबूल कर, देवज्या."

"आबा, मधल्याशी बोलनं चालू करतो!"

काही नाही.

"आबा, तंबाखू सोडतो!"

एका कावळ्याने चोच उघडली आणि मिटली. त्याचाही विश्वास बसला नसावा.

"बरं आबा, उधळपट्टी करनार नाय! पोरीला साधाच लॅपटॉप घेतो!"

आणि मंडळी, त्या सगळ्या कावळ्यांनी एकदम पाठ फिरवली! एखाद्याने हुकूम सोडावा तशी!

गोजराने पदर तोंडाला लावला. पुतळा पुटपुटली, "अवो, आबांची बिडी ठेवायची राहिली पानावर. खाली कपाटात हाय, आना जा."

देवजी जिना उतरला. वीज गेलेली. भर दुपारी जिन्यात विहिरीच्या तळासारखा अंधार. शेवटच्या पायरीवर तो थबकला. बंद खोलीतून कोणीतरी खोकलं.

खों... खों... खों...

तो खोकला देवजीने लहानपणापासून ऐकला होता. परीक्षेत नापास होऊन मागच्या दाराने शिरताना पुढच्या ओटीवरून यायचा, तोच!

त्याने दार ढकललं. अंधारात फक्त साधा लॅपटॉप निळसर उजेड टाकत होता. त्या उजेडात आबांचा चेहरा! पडदाभर, समोरासमोर! हलत नव्हता. एक भुवई वर चढलेली, तोंड अर्धवट उघडं, आणि डोळे थेट देवजीवर.

"आ... आबा?"

घर्रर्र...

देवजीने हात लांब करून झाकण मिटायला बोट लावलं. लॅपटॉप तापाने फणफणलेल्या माणसासारखा गरम! झाकण मिटलं. आतून पुन्हा खोकला आला. जरा चिडलेला.

देवजी जिना चढला म्हणण्यापेक्षा जिन्याने त्याला वर फेकलं! गच्चीवर येऊन तो हात जोडून किंचाळला, "वरचा! वरचा घेतो! बत्तीसवाला! आबा, आईची शपथ!"

शेवटचा शब्द संपायच्या आत एक कावळा झेपावला आणि वडा घेऊन खाडीकडे गेला.

घर जेवलं. वीज आली. उन्नतीने फिल्म वरच्या लॅपटॉपवर घेतली. बघता बघता तयार झाली, गेली, आणि स्टुडिओचं उत्तरही आलं: सोमवारपासून या. दोन वाट्या खीर पोटात गेल्यावर देवजीलाही धीर आला.

"उन्नते, मघाशी तो साधा... नुसता थिजला होता. घर्र घर्र करत होता. तापला होता."

"मग! हँग झाला तो. आबांवरचीच फिल्म आहे, मधेच अडकली असेल. आत पंखा घरघरतो. मी बोलले नव्हते?"

"असं होय!" देवजीची छाती परत फुगली. "म्हंजे मशीनचं होतं! मग शपथ कसली नि काय! वरचा जाऊ दे परत. साधाच ठेवू, टेबलफॅन लावू समोर."

"बाबा! सोमवारी काय घेऊन जाऊ? काम जाईल माझं!"

"फिल्म गेली ना? झालं तर!"

उन्नतीचे डोळे भरून आले. "एकदा बघा तरी, काय केलंय मी," असं म्हणून तिने फिल्म लावली.

मोबाइलवर कधीतरी घेतलेले आबा. खाडीकाठी बसून जाळं विणताहेत, आणि त्यांच्याभोवती उन्नतीने काढलेले मासे आणि फ्लेमिंगो उडताहेत. मागे मंद बासरी. फिल्म संपली. देवजी अजून पडद्याकडेच बघत होता.

"आबांचं तोंड कुठाय?"

"तोंड? फोन दिसला की ते फिरून बसायचे. माझ्याकडे सगळे पाठमोरेच आहेत."

"आनि... खोकला?"

"कसला खोकला? आवाज घेतलाच नाही. नुसती बासरी आहे."

पुतळाच्या हातातली वाटी हातातच राहिली. गोजराने मांडी आवरून घेतली. टेबलावर तो साधा लॅपटॉप मिटलेला, बंद, गप्प होता. देवजी त्याच्याकडे पाठ न करता भिंतीला चिकटून सरकत सरकत फोनपर्यंत पोचला.

"धनेश, वरचाच ठेवतो. तो साधा आत्ताच्या आत्ता घेऊन जा. नाय, मी आनून देनार नाय!"

"खराब निघाला का, मामा?"

देवजीने एकदा टेबलाकडे बघितलं आणि आवाज एकदम नरम केला.

"नाय, नाय! खराब कसला! जरा जास्तच चालतो."