चिलेशन मित्रमंडळ, दादर (पश्चिम)

हृदयविकार डॉक्टरांना कळतो, पण आपल्याला पटेल असा समजावून सांगतात ते शेजारीच. परळच्या डॉक्टरांनी मला तीन ब्लॉकेज दाखवून बायपास सांगितली. मी रीतसर अकरा जणांचं मत घेतलं (पैकी एकाचा वैद्यकीय क्षेत्राशी संबंध होता, त्याच्या साडूचं मेडिकल स्टोअर आहे). अकराही जणांचं एका शब्दावर एकमत झालं: 'विनाकापाकापी'.

दादरच्या एका केंद्रात ही सोय आहे. तिला चिलेशन म्हणतात. हाताला सलाईन लावून तीन तास आरामखुर्चीत पडायचं, नसांमधला कचरा लघवीवाटे निघून जातो. असं तीस वेळा. पुरावा मागितल्यावर त्यांनी मला बऱ्या झालेल्यांच्या फोटोंसमोर उभं केलं (एका फोटोला हार होता, पण तो सत्काराचा, असं सांगण्यात आलं).

आता सात मराठी माणसं तीन तास एका खोलीत बसवली की जे होतं तेच झालं. चौथ्या सलाईनला मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष काळाचौकीच्या मालनताई, सचिव मी. मालनताईंचं हृदय माझ्याहून खराब, पण धीर दांडगा. "मी काय फणस आसंय कापूक?" असं त्यांनी डॉक्टरांना तोंडावर विचारलं होतं. मी मात्र "घरी विचारून सांगतो" म्हणालो होतो. घाबरलो की मी घरच्यांचं नाव पुढे करतो.

मंडळ उत्तम चाललं. हळदीकुंकू झालं, सहल झाली (तिघांना चढ झेपेना, म्हणून चढ रद्द करण्यात आला). यशाचं प्रमाण शंभर टक्के. ते हजर सभासदांवरून काढतात.

बाविसाव्या सलाईनच्या आदल्या दिवशी मालनताई भाजी घेता घेता कोसळल्या आणि गेल्या. शोकठराव सचिवानेच लिहायचा असतो. 'हृदयविकाराने' लिहिताना पेन अडलं, म्हणून 'अल्पशा आजाराने' असं लिहिलं. ठराव एकमताने मंजूर झाला. घरी येऊन मी खूप रडलो.

नलू, माझी बायको, म्हणाली, "अहो, आता तरी परळला चला. मी येते ना बरोबर."

"जायचंय गं," मी म्हणालो, "पण अध्यक्षपदासाठी सगळे माझंच नाव घेतायत. अशा वेळी मंडळ सोडून कसं जाणार?"

निवड बिनविरोध झाली. आभार मानताना छातीत भरून आलं, ते कृतज्ञतेनेच, असं मी धरून चाललोय.

सचिवपद आता मोकळं आहे. तुम्हाला हसू येत असेल तर जरूर अर्ज करा. सोबत गेल्या वर्षीचा तो रिपोर्ट जोडा, जो तुम्ही 'सवडीने दाखवू' म्हणून कपाटात ठेवलाय. पाकीट फोडलेलं नसलं तरी चालेल. आमच्यातही कुणी फोडत नाही.