जोराचं काम

दवाखाना बांधणाऱ्या सरकारा, चूक तुझी आहे. औषधाच्या बाटल्या तू कपाटात कुलूपबंद ठेवल्यास, आणि माणसाचं दुखणं मात्र व्हरांड्यात, चाळीस जणांसमोर ओरडून विचारायची सोय केलीस. रोहिणखेडच्या शालिग्रामची दाढ गेली ती त्यापायी.

दाढ चांगली होती. बावन्न वर्षांच्या शालिग्रामला विषमज्वर झाला होता. ताप उतरल्यावर तालुक्याच्या डॉक्टरानं बजावलं, "छाती कमजोर आहे. जोराचं काम करायचं नाही." जोराच्या कामात काय काय धरायचं, ते सांगितलं नाही. आठ महिने झाले. शालिग्राम वखर हाकू लागला, ज्वारीची पोती उचलू लागला, पण त्याची बाज काही ओसरीतून घरात आली नाही.

"पोतं उचलता तवा छाती काऊन नाही दुखत?" बायको सोजराबाई म्हणाली. "जा, इचारून या."

शालिग्राम गेला. कंपाउंडर ओरडला, "काय होते?" मागं लेकीचे सासरे, रंगराव, उभे. व्याह्यासमोर काय सांगणार? शालिग्रामनं गाल धरला. पाच मिनिटांत दाढ बाहेर आली.

पुढच्या बाजारी तो पुन्हा गेला. रंगराव पुन्हा रांगेत, खोकत. "पोट," शालिग्राम पुटपुटला. कंपाउंडरनं उभ्याउभ्याच एरंडेल पाजलं. परतताना बैलगाडी सात ठिकाणी थांबली.

"आता काय डोळा दाखवता?" सोजराबाईनं पदर खोचला. "राहू द्या. तोबी काढून घेतील. मीच जाते."

शालिग्राम गाडीत कडब्याआड दडून बसला. ती थेट रांगेच्या तोंडाशी गेली.

"काय होते, बाई?" कंपाउंडर ओरडला.

"मले काई नाही झालं. मालकाले ताप होता, तो गेला. आता नवरा-बायकोनं एका खोलीत निजावं का नाही, ते साहेबाले इचारा. अन् असंच जोरानं इचारा."

कंपाउंडरचा आवाज प्रथमच बसला. डॉक्टर स्वतः बाहेर आले. तरुण माणूस, कानापर्यंत लाल.

"बाई, तुम्हाला नातवंडं किती?"

"चार."

"मग आता या वयात त्याची गरज काय?"

"या वयात भाकर लागते का, हे नाही इचारलं कोनी. दोन डाव आमच्या मानसाले मोकळ्या हातानं धाडलं तुमी. एक डाव दाढ ठेवून घेतली."

रांगेतून रंगराव घसा साफ करत पुढं आले. सोजराबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पण पाऊल मागं घेतलं नाही.

"साहेब," रंगराव जमिनीकडं पाहत म्हणाले, "इहीनबाई बराबर बोलून राह्यल्या. माह्या खोकल्यालेही तीन महिने झाले. खोकला नाहीच हाय तो. मलेबी हेच इचाराचं होतं."

रांगेतले आणखी पाच-सहा म्हातारे एकमेकांकडं न पाहता पुढं सरकले.

डॉक्टर म्हणाले, "मला पुस्तकात पाहावं लागेल."

"पाहा," सोजराबाई म्हणाली आणि दारातच मांडी घालून बसली. "आमाले घाई नाही. पर आजच सांगा. हो का नाही?"