स्वानंदमामाची चार कार्डं

यंदा समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्यात स्थळांची ती उशीएवढी पुस्तिका कोणी उघडणारच नाही, असं अकरावीतल्या भूमिकानं घरभर जाहीर करून टाकलं होतं. अ‍ॅप येणार होतं, आणि त्यातला सगळ्यांत देखणा भाग तिच्या हातचा होता!

यात बढाई थोडीच होती. नागपूरच्या मिहानमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करणारी तिची मावसबहीण श्वेताताई मैत्रिणींना घेऊन हे अ‍ॅप बनवत होती. सगळ्यांचा कोड एका सामाईक ठिकाणी राहायचा. भूमिकाचं काम म्हणजे अ‍ॅपचं एकेक बटण, एकेक कार्ड सुटं करून एका नमुना-पानावर मांडायचं आणि खाली ते कसं वापरायचं ते लिहायचं. शेजारी बदलायच्या जागाही होत्या. उंची वाढवा, पगार घटवा, पट्टी लावा, काढा, आणि कार्ड कसं दिसतं ते बघा. बदल फक्त बघण्यापुरता. पान पुन्हा उघडलं की सगळं जिथल्या तिथे. हे तिनं तळाशी सुवाच्य मराठीत लिहूनही ठेवलं होतं.

वराच्या कार्डाला नमुन्याचा वर हवा होता आणि तिच्या फोनमध्ये स्वानंदमामाचा फोटो होता. मामाचं सीताबर्डीला चष्म्याचं दुकान. माणूस इतका भिडस्त की गिऱ्हाइकाला नंबर वाढल्याचं सांगताना यालाच अपराध्यासारखं व्हायचं. नुकताच तो बेसा भागात गुंजन नावाच्या मुलीला पाहून आला होता, तिथेच जीव अडकवून बसला होता, आणि तिकडून होकार येतो की नकार याची वाट बघत होता. भूमिकानं त्याची चार कार्डं केली. एक साधं, एक फोटो नसलेलं, एक भल्या लांब नावाचं, आणि एकावर लाल पट्टी: ‘लग्न ठरले’.

इथवर सगळं छान होतं. मग मेळाव्याचे अध्यक्ष मारोतराव यांनी काम कुठवर आलं म्हणून विचारलं, आणि भूमिकानं फुशारून त्यांना नमुना-पानाची लिंक पाठवली. त्यांनी ती समाजाच्या ग्रुपवर ढकलली. वर लिहिलं, ‘अ‍ॅप तयार आहे. सर्वांनी लाभ घ्यावा.’

तळाशी लिहिलेलं कोण वाचतं? आपल्याकडे कुलरचं माहितीपत्रकसुद्धा मिस्त्री येऊन गेल्यावर उघडतात.

मामाला पहिला फोन काटोलहून आला. चार भावांपैकी दुकान कोणाच्या नावावर आहे, आणि एकाचा फोटो काहून लपवला, अशी चौकशी होती. मग लोकांना त्या बदलायच्या जागा सापडल्या आणि ग्रुपवर स्क्रीनशॉटचा पूर आला. एकात मामा नऊ फुटी होता. उमरेडच्या आत्यानं मायेपोटी त्याचा पगार एवढा वाढवला की आयकरवाले दारात यावेत. कोणीतरी त्याला घटस्फोटितही करून टाकलं!

शेवटी गुंजनच्या आईचा, तुळसाबाईंचा फोन आला. त्यांनी पगाराचं काढलं नाही, उंचीचंही नाही.

“तुमचं लग्न ठरलं होतं,” त्या म्हणाल्या, “तर आमच्या घरचे पोहे काहून खाल्ले?”

आणि फोन ठेवला.

कॉलेज सुटताच भूमिका दुकानात पोचली. मामा काउंटरमागे चष्म्याची एकच काच कधीचा पुसत होता.

“काय करून ठेवलं वं हे?”

रागावला असता तर बरं झालं असतं. तिनं तिथेच लॅपटॉप उघडून चारही कार्डं काढून टाकली. पण सामाईक कोडमधला बदल श्वेताताईनं तपासून मंजूर केल्याशिवाय पानावर दिसत नाही, आणि श्वेताताई मीटिंगमध्ये होती. भूमिकानं ग्रुपवर लांबलचक खुलासा टाकला. त्याला मारोतरावांनी हात जोडले आणि लिंक पुन्हा एकदा पाठवली.

आता एकच वाट उरली होती. गुंजनचा नंबर मामाकडे होता, फक्त तो लावायची हिंमत नव्हती. भूमिकानं स्वतःच तिला मेसेज केला. तो नमुना आहे, पट्टी खोटी आहे, मामा खरा आहे, आणि गुन्हेगार मी आहे. सोबत लिंक, आणि तळाचं तेवढं वाचाच अशी विनंती.

मामानं दुसरी काच पुसायला घेतली.

मग गुंजनचा स्क्रीनशॉट आला. उंची जेवढी आहे तेवढीच. पगाराची जागा कोरी. लाल पट्टी मात्र तिनं काढलीच नव्हती! आणि ‘अपेक्षा’ या रकान्यात एकच शब्द होता: गुंजन.

मामा गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. त्यानं ते कार्ड चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढून वाचलं.

“हे सेव्ह कर,” तो म्हणाला.

“त्या पानावर काही सेव्ह होत नाही, मामा. मी खाली लिहूनच ठेवलं आहे.”

“मंग?”

“मंग तुले फोन करा लागते.”

मामा उठला, आरशासमोर गेला आणि नीट भांग पाडू लागला. साधाच फोन आहे, तिकडून काही दिसत नाही, हे त्याला सांगायचं भूमिकाच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण त्या दिवशी तिचं पुरेसं समजावून झालं होतं.