पाच रुपये पाच आण्यांची पायरी

मार्चची अठ्ठावीस तारीख, साल एकोणीसशे एकोणचाळीस, वार मंगळवार. सोलापुरात मंगळवारचा बाजार तुडुंब भरलेला, आणि त्या बाजारातलं तात्याबांचं घोंगड्यांचं दुकान तेवढं कुलूपबंद. मालक घरी ओसरीवर भिंतीला टेकून शेंगा फोडत बसलेले. ते आजारी नव्हते, घरात सुतक नव्हतं, कार्यही नव्हतं. पायरी आली होती.

पायरी म्हणजे इन्कमटॅक्सची. वर्षाची मिळकत पाच हजारांच्या आत राहिली तर रुपयाला सहा पै कर. पाच हजारांना टेकली की रुपयाला नऊ पै, आणि तेही वरच्या रुपयांवर नव्हे, पहिल्या रुपयापासून सगळ्यावर. सांगोल्याकडून मेंढरं वळत वळत सोलापुरात येऊन व्यापारी झालेल्या तात्याबांनी हा कायदा आपल्या परीनं समजून घेतला होता. "नाक्यावर नव्याण्णव मेंढरं गेली तर एक दर. शंभरावं कोकरू मागनं पळत आलं, की साऱ्या कळपाचा दर वाढतो. मग ते कोकरू अलीकडंच बांधावं की." पायरी ओलांडल्यावरचे पहिले सत्तर-ऐंशी रुपये नुसते सरकारसाठी कमवायचे, हे त्यांना पटत नसे. म्हणून मिळकत पाच हजारांच्या जवळ आली की दुकान बंद, ते थेट एक एप्रिलला उघडायचं.

पायरी आली की नाही हे सांगायचं काम त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, मायाक्काचं. तात्याबांना वाचता येत नव्हतं. मायाक्का शाळेत शिकली होती, हाती पडेल ते पुस्तक वाचत होती, आणि लग्नाआधीपासून दुकानाची वही तीच लिहीत होती. लग्न होऊन ती मोहोळला गेली. तिची सासू गोजाबाई सुगीच्या दिवसांत सुनेला माहेरी धाडणाऱ्यांतली नव्हती. पण सरकारी काम म्हटल्यावर गोजाबाईचाही इलाज चालत नसे. मार्च लागला की मायाक्का पासिंजरनं सोलापुरात हजर होई.

तिथंच तिला एक अडचण दिसली होती. ती यायची, आणि तिचे आबा, म्हणजे तात्याबा, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत दुकानात. महिनाअखेरीला पायरी आली तर आली, नाहीतर नाही. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच मार्चात तिनं पायरीला जरा हात दिला. तात्याबांना घोंगडी फुकट द्यायची खोड होती. गावाकडचं कोणी आलं, कुडकुडताना दिसलं, नुसतं "आबा" म्हणालं, तरी त्याच्या खांद्यावर घोंगडी पडायची. अशा वर्षाला पन्नासेक जात. मायाक्कानं त्या, घेणाऱ्यांच्या नावासकट, पुऱ्या किमतीला विकल्या म्हणून लिहायला सुरुवात केली. माल आणि वही चोख जुळे, मिळकत एकशेसत्तर रुपयांनी फुगे, आणि पायरी बारा दिवस आधी येई. बारा वर्षं हे असं चाललं होतं. खोटं लिहिल्याचं तिला वाईट वाटे, पण ते एप्रिलात.

त्या मंगळवारी दुपारी रामहरी मुकादम घरीच आला. त्याला मजुरांसाठी तीस घोंगड्या हव्या होत्या. तात्याबांनी त्याला पाणी दिलं, शेंगा दिल्या आणि शनिवारी यायला सांगितलं.

"आबा, रोख देतो. आत्ता, हातावर."

"तेच तर नगं."

"इकायचं न्हाय तर दुकान कशाला घातलं?"

"इकायलाच घातलंय. पर शनवारी."

रामहरी धुसफुसत उंबऱ्याबाहेर पडला, तेवढ्यात सांगोल्याकडची बनाबाई आत आली. तिच्या घोंगडीला शेळीनं तोंड लावलं होतं. तात्याबांनी आतून एक नवी घोंगडी आणून तिच्या डोक्यावर घातली. रामहरी दारातून बघत राहिला. त्याच्या रोख पैशांना घोंगडी नाही, आणि या बाईला मागायच्या आत मिळाली, हे त्यानं मनात धरलं. मायाक्कानं मात्र बनाबाईचं नाव लिहिलं नाही. पायरी आली होती, आता गरज नव्हती.

उन्हं कलल्यावर रोजच्यासारखं तिनं आबांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं. चौथ्या पानावर मोठी बातमी होती: इन्कमटॅक्सचा कायदा बदलला, पायऱ्या गेल्या. मायाक्कानं पान उलटलं आणि शेंगतेलाचे भाव वाचले.

"दुसरं काय न्हाय न्हवं त्यात?" तात्याबांनी विचारलं.

"न्हाई आबा."

"बरं झालं," असं म्हणून त्यांनी सोललेल्या शेंगदाण्यांची मूठ तिच्यापुढं ठेवली. फुलाबाई, तिची आई, आतून म्हणाली की लेकीला आयतं सोलून द्यायचं वय राहिलं नाही. तात्याबा म्हणाले की दातांचं वय झालंय ते आपलं, लेकीचं नव्हे. एवढंच बोलणं झालं. तिला ते पुढं शब्दन् शब्द आठवलं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पेला खाली ठेवून तात्याबा भिंतीला टेकले, ते पुन्हा उठले नाहीत.

जुलैत इन्कमटॅक्स कचेरीची नोटीस आली. मेलेल्या माणसाचाही वर्षाचा हिशेब द्यावा लागतो आणि तो वारसांनी द्यायचा असतो, एवढं मायाक्काला माहीत होतं. पण नोटिशीत आणखी एक ओळ होती. मयतानं दुकान बंद ठेवून घरातून चोरटी विक्री केल्याची तक्रार आहे, तरी बारा वर्षांच्या वह्या घेऊन यावं. रामहरी मुकादमानं त्याची घोंगडी अशी वसूल केली होती.

फुलाबाईनं नोटीस दोनदा वाचून घेतली. दुकान गेलं तरी चालेल, असं ती म्हणाली. "पर त्यांच्या नावाम्होरं चोर ल्हिऊ देऊ नगंस. येवढंच बग." मायाक्का "व्हय" म्हणाली. तिला चोर कोण ते माहीत होतं.

कचेरीत ती आणि दुकानातला जुना माणूस जोतीराम असे दोघं गेले. साहेब पुण्याकडचे, चष्म्यावरून बघणारे, पण आवाज न चढवणारे. त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि कामाला हात घातला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. या वर्षापासून पायऱ्या गेल्या, आणि मार्चअखेर संपलेल्या वर्षाच्या मिळकतीलाही नवेच दर. आता पहिल्या दीड हजारावर काही नाही, पुढच्या साडेतीन हजारांवर नऊ पै, आणि त्याच्या वर जेवढे जातील तेवढ्यांनाच पुढचा दर.

"म्हंजे शंभरावं कोकरू आलं तर दर त्या कोकराचाच," जोतीराम म्हणाला.

साहेबांनी कोकरू कुठलं म्हणून त्याच्याकडं पाहिलं, पण विचारलं नाही. ते पुढं म्हणाले की हा फेरफार मार्चात सगळ्या वर्तमानपत्रांत आला होता. म्हणजे या मार्चात दुकान बंद ठेवायचं काही कारणच नव्हतं. मग बंद का ठेवलं? घरातून विकायला. आणि त्यांनी बनाबाईला आत बोलावलं.

बनाबाई तीच घोंगडी पांघरून आली होती, भर जुलैत, आबांची आठवण म्हणून.

"ही घोंगडी तुम्ही अठ्ठावीस मार्चला किती रुपयांना घेतली?"

"इकत? इकत कशाला? आबांनी दिली की."

"यापूर्वी कधी विकत घेतलीत?"

"जल्मात न्हाय."

साहेबांनी वही उघडली. वहीत गेल्या एकाच वर्षात बनाबाईच्या नावावर अकरा घोंगड्या रोख विकलेल्या होत्या. बनाबाईनं आकडा ऐकला आणि ती चिडली. दोन स्वतःला, एक जावयाला, सात लेकरांना, असं तिनं बोटांवर मोजलं आणि दहा भरल्या. अकरावी कुणाच्या घशात गेली, असं तिनं उलट साहेबांनाच विचारलं. जोतीरामानं हळूच सांगितलं की अकरावी शेळीनं खाल्ली, तीच ती.

साहेबांनी टाक खाली ठेवला. जी घोंगडी गेल्याचं सगळ्यांनी पाहिलं ती वहीत नाही, आणि वहीत आहेत त्या कुणी विकत घेतल्या नाहीत. अशी वही त्यांनी नोकरीत पाहिली नव्हती. ही वही खोटी आहे, आणि मयत इसमानं हेतुपुरस्सर खोटी वही ठेवली, असा शेरा मारावा लागेल, असं ते म्हणाले.

"त्यांनी ठेवली नाही," मायाक्का म्हणाली. "मी ठेवली."

तिनं सगळं सांगितलं. फुकट दिलेली घोंगडी विकली म्हणून कशी लिहायची, माल कसा जुळायचा, पायरी बारा दिवस आधी कशी यायची. आबांना वाचता येत नव्हतं, त्यांनी माझ्या भरवशावर अंगठे उठवले, असंही सांगितलं. आवाज तिनं सांभाळला. साहेब वह्या पुढं-मागं चाळत होते.

"थांबा. म्हणजे तुम्ही मिळकत लपवली नाही. जास्त दाखवली?"

"हो."

"आणि जास्तीचा कर भरलात?"

"आबांनी भरला. त्यांना ठाऊक नसताना."

साहेबांनी कागद ओढून बेरीज केली. पुन्हा केली. लोक आपली मिळकत कमी दाखवतात हे पकडायला सरकारनं त्यांना पगारावर ठेवलं होतं. जास्त दाखवणाऱ्यांसाठी त्यांच्याकडं छापील फॉर्मही नसावा. दान दिलं त्याची सूट मागता येत नाही, ते म्हणाले, पण जे विकलंच नाही त्याचा नफाही धरता येत नाही. दरसाल एकशेसत्तर रुपये, रुपयाला सहा पै. वर्षाला पाच रुपये पाच आणे सरकारकडं जादा गेले आहेत.

"पाच रुपये पाच आणे. बराबर," जोतीराम म्हणाला.

मायाक्कानं वळून पाहिलं. जोतीराम टोपी हातात घेऊन उभा होता.

"तुला कसं ठावं?"

"आबांनीच सांगितलं हुतं की. तुमी ल्हिलेलं पयल्याच साली मी त्यांना वाचून दावलं. म्हनलं आबा, ताईंची चूक झालीया, फुकटची घोंगडी इकली म्हून धरलीया. लई हसले. म्हनले, चूक न्हाय, तिला दुकान बंद पायजे. मग मला हिशोब कराया लावला, की ह्यानं कर किती वाढतो." जोतीरामानं साहेबांकडं एकदा बघून घेतलं. "म्हनले, लेक सरकारच्या नावावर सासरचं दार उघडून येती. सरकारचं नाव वापरतो, तर त्याचं भाडं द्याया नको व्हय?"

बनाबाईनं घोंगडीच्या टोकानं नाक पुसलं.

"आन् औंदाचं?" मायाक्कानं विचारलं. "पायऱ्या गेल्या त्ये?"

"त्ये मी पाडव्यालाच सांगितलं. म्हनले, गप ऱ्हा. ती काय वाचती ते बघू."

मायाक्काला चौथं पान आठवलं. ती पान उलटत असताना आबा तिच्या बोटांकडं बघत होते. शेंगतेलाचे भाव त्यांनी फार मन लावून ऐकले होते.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. तक्रार निकालात काढतो, ते म्हणाले, वडिलांच्या नावावर काही येणार नाही. मागच्या काही वर्षांचा जादा कर परत मागण्यासाठी अर्जही करता येईल.

"तो नको," मायाक्का म्हणाली. "भाडं दिलं, जागा वापरली."

"ठीक. पण वही खोटी का लिहिली, त्याचं कारण मला नोंदवावंच लागेल. तेवढं सांगा."

त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि वाट बघू लागले. मायाक्कानं एवढी पुस्तकं वाचली होती; तिच्याजवळ दहा चांगली वाक्यं तयार होती. हिशेबाची पद्धत, वयाची समज, कायद्याचं अज्ञान. तिनं तोंड उघडलं तेव्हा त्यातलं एकही आलं नाही, कचेरीतली भाषाही आली नाही.

"मला आबांजवळ बसायचं हुतं," ती म्हणाली.