तोगरवाडीची पाण्याची सनद

कुठल्याही राज्याचा उगम एखाद्या लोखंडी वस्तूपाशी असतो. युरोपात ती तलवार होती. कर्नाटकातल्या भालकी तालुक्यातल्या तोगरवाडीत ती नळाचा वॉल सोडायची चावी होती. हावगेप्पाच्या बापानं मरताना थोरल्याला शेत दिलं आणि धाकट्या हावगेप्पाला चावी. थोरला अजून पस्तावतो. शिवाय टाकी मारुतीच्या देवळामागं असल्यानं हावगेप्पाच्या सत्तेला देवाचाही पाठिंबा होता.

कारभार चोख होता. पहिल्या गल्लीला रोज पाणी, दुसरीला एक दिवसाआड, तिसरीला आठवड्यातनं एकदा, आणि चौथीला हावगेप्पाला आठवण होईल तेव्हा. (तुरीच्या शेंगा नेऊन दिल्या की त्याची स्मरणशक्ती शेकडा चाळीसनं वाढते, असं चौथ्या गल्लीचं निरीक्षण आहे. हुरड्यानं साठ.)

राजूबाईचं घर चौथ्या गल्लीच्या पार टोकाला. यंदा तिच्या शेंगांना कीड लागली आणि राजाला तिचा विसर पडला. नळाला पाणी येऊन अकरा दिवस झाले. घरात अर्धं पिंप पाणी, आणि शुक्रवारी लेकीचा, मंजुश्रीचा साखरपुडा, बीदरहून साठ पाहुणे! राजूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढंच काय ते शिल्लक होतं. ती तडक रत्नपाल गुरुजींकडे गेली. गुरुजींनी हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवलेला.

"अक्का, आठशे वर्सांमागं इंग्लंडात असंच झालतं," गुरुजी म्हणाले. "राजा मातला. मग सरदारांनी त्याला गाठून सनद लिहून घेतली."

"मग पाणी आलं का त्यांला?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "पाणी न्हाई. पार्लमेंट आलं."

राजूबाईला वाटलं, आधी ते येत असंल, मागून पाणी. (पुढं नेमकं काय झालं ते परीक्षेला नसल्यानं गुरुजींनी कधी शिकवलं नव्हतं.)

इंग्लंडच्या हिशेबानं सरदार पंचवीस लागत होते. सकाळी अकराला रिकामी असलेली एवढी माणसं फक्त पहिल्या गल्लीत सापडली. त्यांनी स्टँडवरच्या हॉटेलात हावगेप्पाला घेरलं. भजी गार व्हायली म्हणून त्यानं लगेच सही केली. सनदेची मुख्य कलमं अशी:

एक, पंचांच्या संमतीशिवाय हावगेप्पानं कुठलाही वॉल सोडू नये.

दोन, टाकीत म्हशी धुऊ नयेत. (टाकी चाळीस फूट उंच आहे, पण कायदा पुढचं बघून करावा.)

तीन, दर गल्लीचा एक पंच असावा आणि त्यानं बैठकीला आंघोळ करून यावं.

तिसऱ्या कलमामुळं चौथ्या गल्लीत एकही लायक माणूस निघेना. तेव्हा मोठ्या मनानं पहिल्या गल्लीतल्या अंकुशरावांनी तिचं प्रतिनिधित्व पत्करलं.

गुरुवारी पंच बसले. कागदपत्रं कानडीत लिहायची, मराठीत की उर्दूत, यावर तीन तास गेले. शेवटी इंग्रजी ठरली. ती चौघांपैकी कुणालाच वाचता येत नसल्यानं कुणावर अन्याय झाला नाही. मग चौथा वॉल सोडायचा विषय निघाला. अंकुशराव उठले. "आमच्या गल्लीला बिनपाण्याची सवय हाय. सवय मोडली की माणूस आजारी पडतंय." विषय चार विरुद्ध शून्य मतांनी फेटाळला गेला. लोकशाहीत एवढं एकमत क्वचितच दिसतं.

राजूबाई रडतच हावगेप्पाच्या दारात गेली. "पाहुण्यांनी हात धुवायला पाणी मागितलं तर काय सांगू रे?"

हावगेप्पालाही वाईट वाटलं. "आदी असतं तर दोन शेंगांत काम झालं असतं, अक्का. आता माझ्या हातात काय न्हाई. लोकशाही आली."

तिथून ती पुन्हा गुरुजींकडे. "त्या कागदात माझ्यावर काय कलम हाय का, बघा."

गुरुजींनी सनद दोनदा वाचली. बंदी दोघांनाच होती, हावगेप्पाला आणि म्हशींना.

शुक्रवारी सकाळी राजूबाईनं हावगेप्पाच्या अंगणातनं चावी उचलली.

"अगं, काय करायलीस?" तो ओरडला.

"सनद पाळायलेय!"

तिनं पदर खोचला आणि चौथा वॉल स्वतः सोडला. आधी नळ खोकले, मग गढूळ आलं, मग चांगलं. मंजुश्रीच्या होणाऱ्या सासूनं दोनदा हात धुतले. राजूबाईला इतका आनंद झाला की ती न्हाणीत जाऊन रडली, आणि मग तोंडही धुतलं.

सोमवारी पंचांनी सनद दुरुस्त केली. दुसऱ्या कलमात म्हशींच्या मागं राजूबाईचं नाव आलं, आणि चावी पंचांच्या कपाटात गेली. या धावपळीत अंकुशरावांचा रक्तदाब वाढला आणि त्यांनी राजीनामा दिला. चौथ्या गल्लीला आता नवा प्रतिनिधी पाहिजे आहे. ती गल्ली त्यानं पाहिलेली असावी, अशी अट नाही. तिची हकीकत निवांत बसून वाचलेली असली आणि हसू आलेलं असलं तरी भागतं.

आज आपली आंघोळ झालीच असेल. अभिनंदन.